डाव्या डोळ्यातला शुक्र

भाऊजींची हाक गच्चीवरून निघते आणि आधी खाली गेटवरच्या चौकीदाराला ऐकू जाते, मग मला. "अलके! वर ये! पळत ये!" चौकीदार मान वर करून माझ्या खिडकीकडे बघतो, त्यामुळे मला ऐकूच आलं नाही असं म्हणायची सोय उरत नाही. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, ते चौथ्या. आमची दिल्लीतली मयूर विहारची सोसायटी बांधली तेव्हा लिफ्ट ही श्रीमंतांची चैन समजली जायची. पळत यायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांनी यायचं. तरी मी जाते. तोंडाने बडबडत जाते, पण जाते.

विष्णू कर्णिक हे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्मजाताईचे, यजमान. सत्तरी उलटली आहे. सरकारच्या पाणी खात्यात ड्राफ्ट्समन होते. अर्धा जन्म धरणांचे नकाशे काढण्यात गेला आणि उरलेला गच्चीवर, दुर्बिणीपाशी. दुर्बिणीतला तो ताटलीएवढा आरसा त्यांनी स्वतः घासून केलाय. काचेवर काच, मध्ये ओली पूड, आणि घास घास घास. अख्खा एक उन्हाळा ताईच्या घरात दुसरा आवाज नव्हता. ताई म्हणायची, "लोकांचे नवरे निदान दारू पिऊन गप्प झोपतात."

भाऊजींना आनंद बेताने होतच नाही. शनीची कडी दिसली की ओरडतात, चंद्रावरच्या डोंगराची सावली दिसली की ओरडतात, आणि एकदा दुर्बिणीत पलीकडच्या टाकीवर बसलेलं घुबड सापडलं तेव्हाही मला तेवढ्याच जोरात बोलावलं होतं. मी धापा टाकत वर पोचले, तोवर घुबड उडून गेलेलं. "अरेरे, तू जरा हळू आलीस," असं वर मलाच ऐकवलं. ताई या भानगडीत पडत नाही. लग्नात हार घातला तसा दुर्बिणीला डोळाही तिने एकदाच लावला. रस्त्याने चालतानाही ती दोन पावलं पुढे असते आणि मागे न बघता त्यांना रागावत असते.

त्यांच्या डाव्या डोळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. लोदी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरांत, लहान असताना, विटीदांडू खेळताना विटी थेट डोळ्यावर बसली. डोळ्यातलं भिंग दुखावून पांढरं पडलं, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी ते काढून टाकलं. त्या जागी नवं बसवायची सोय त्या वेळी नव्हती. डोळा वाचला, पण बिनभिंगाचा. त्याने नुसतं बघितलं की सगळं विरघळल्यासारखं. जाड चष्मा लावला तर दोन डोळ्यांना दोन मापांची चित्रं आणि पोटात मळमळ. मग चष्मा सुटला आणि डोळाही. विमानदलात जायचं होतं, ते राहिलं. घरात त्याचं नावच पडलं, रिटायर्ड डोळा.

आता गंमत बघा. तुमच्या डोळ्यात भिंग आहे की नाही, याच्याशी दुर्बिणीला काही देणंघेणं नसतं. फोकस जरा जास्त फिरवला की चित्र स्वच्छ. म्हणजे भाऊजींचा रिटायर्ड डोळा जगात एकाच जागी ड्यूटीवर हजर होऊ शकत होता, तो म्हणजे दुर्बिणीला लावल्यावर. हा शोध लागला त्या दिवशी ते असे ओरडले की खालचे सरदारजी चोर आला म्हणून काठी घेऊन बाहेर आले.

त्या डोळ्याने त्यांनी शुक्र बघायला घेतला. संध्याकाळी पश्चिमेला सगळ्यांच्या आधी दिसते ती ठळक चांदणी म्हणजे शुक्र. आपला शेजारी ग्रह, पण कायम ढगांत गुंडाळलेला. दुर्बिणीतून तो कधी अर्ध्या चंद्रासारखा दिसतो, कधी कोरीसारखा, पण नुसता पांढरा. डाग नाही, रेघ नाही. मला तसाच दिसतो. त्यांच्या मुलीला, तनयाला, तसाच दिसतो. भाऊजी मात्र एक जांभळी काच लावून डाव्या डोळ्याने बघायचे आणि म्हणायचे, "ढगांत काळसर पट्टे आहेत गं. आज तर आडवं बेचकं पडलंय." उजव्या डोळ्याने बघितलं की तेच म्हणायचे, "आता नाही दिसत."

आणखीही एक चमत्कारिक होतं. मार्केटातल्या मिठाईच्या दुकानात माश्या मारायचा निळा दिवा असतो ना, त्याच्यासमोर ते डावा डोळा हाताने झाकून उभे राहायचे. "केवढा झगझगीत लावलाय हा!" आम्हाला तो दिवा मिणमिणता दिसायचा. ताई म्हणायची, "नाटकं नुसती."

काही वर्षांपूर्वी आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींची एक बैठक होती. भाऊजी आपली शुक्राची चित्रं घेऊन मोठ्या उत्साहाने गेले. सोबत मी. तिथे कुणी अपमान केला असं नाही. एका गृहस्थांनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "अंकल, वीनस के बादल आंख से नहीं दिखते. उसके लिए कैमरा चाहिए, स्पेशल फिल्टर चाहिए. ये नजर का धोखा है." मागच्या रांगेत दोघंतिघं हसले. भाऊजींनी चित्रं गुंडाळली. मेट्रोने मयूर विहार येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. भाऊजी गप्प! मला त्या मागच्या रांगेचा असा संताप आला होता की काय सांगू.

तेव्हापासून बाकी सगळ्यासाठी हाक यायची, शुक्रासाठी कधी आली नाही. शुक्र ते एकटेच बघत.

माझं म्हणाल तर मला ते पट्टे दिसत नव्हते, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकत होते. पण भाऊजी ओरडतात, राईचा पर्वत करतात, खोटं मात्र बोलत नाहीत. घुबडाला त्यांनी घुबडच म्हटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ते मेट्रोच्या जिन्यावर पडले. एकाच डोळ्याने बघणाऱ्याला पायरीची खोली कळत नाही. मोडलं काही नाही, पण ताईने धसका घेतला. डॉक्टर म्हणाले, आता त्या डोळ्यात भिंग बसवता येईल, दोन्ही डोळे मिळून काम करतील. ताईने लगेच मनावर घेतलं. संक्रांतीच्या आधी नको म्हणाली, म्हणून तारीख पुढची ठरली. संक्रांतीनंतरच्या रविवारी ताईचं हळदीकुंकू आणि सोमवारी सकाळी ऑपरेशन.

भाऊजींनी मुकाट्याने हो म्हटलं. पण त्या आठवड्यात एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि इतक्या हळू बोलायला लागले की मला टीव्ही बंद करावा लागला.

"अलके, उजव्या डोळ्यात भिंग आहे, त्याला पट्टे दिसत नाहीत. डाव्यात नाही, त्याला दिसतात. का, ते मला माहीत नाही. पण सोमवारी तिथेही भिंग बसलं आणि पट्टे गेले, तर मी इतकी वर्षं काय बघत होतो ते कुणालाच कळायचं नाही."

"मग नको करू या का ऑपरेशन?"

"छे, छे. पद्माला रात्री झोप लागत नाही माझ्या जिन्यापायी. करायचं. फक्त त्याआधी एका माणसाने म्हणावं, विष्णू, तुला खरंच दिसत होतं. एकाने. बस."

चहा अर्धा टाकून ते गेले. मी तडक तनयाला फोन लावला. ती गुरुग्रामला असते, आणि तिच्या सोसायटीत राघव नावाचा एक इंजिनियर आहे, चाळिशीचा, उंच मजल्याच्या बाल्कनीतून ग्रहांचे फोटो काढणारा. तनयाने त्याला विचारलं तर तो म्हणाला, "कर्णिक काका? सुंदर ड्रॉइंग्ज काढणारे? मी होतो त्या मीटिंगमध्ये." मागच्या रांगेत होतास का, हे तनयाने विचारलं नाही. ते मी माझ्यासाठी राखून ठेवलं.

राघवकडे तो स्पेशल फिल्टर होता आणि कॅमेराही. त्याने साधी परीक्षा सुचवली. रविवारी संध्याकाळी काकांनी आपल्या जांभळ्या काचेतून बघून चित्र काढायचं. मग त्याच दुर्बिणीला कॅमेरा आणि फिल्टर लावून तो फोटो काढेल. दोन्ही शेजारी ठेवायचे. जुळले तर जुळले.

भाऊजींना सांगितलं. त्या दिवसापासून जिन्यात त्यांची शीळ ऐकू यायला लागली.

शनिवारी पाऊस झाला आणि रविवारी दिल्लीने क्वचित दिसणारं आकाश दाखवलं, निळं, घासून पुसून ठेवलेलं. पण हवामानवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, संध्याकाळनंतर दाट धुकं. म्हणजे सूर्य मावळल्यापासून धुकं उतरेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच. सोमवारी तर ऑपरेशन.

आणि त्याच गच्चीवर त्याच दुपारी ताईचं हळदीकुंकू! थंडीत उन्हाची जागा तेवढीच, ताई ती सोडणार थोडीच. पटपडगंज, वसुंधरा, नोएडा, सगळीकडच्या मराठी बायका काळ्या साड्या नेसून आलेल्या. मधोमध भाऊजींची दुर्बीण चादर पांघरून उभी. एका नव्या सुनेने गॅसचा सिलिंडर समजून तिच्यावर पर्स ठेवली. भाऊजी कठड्यापाशी उभे राहून घटकेत सूर्याकडे, घटकेत बायकांकडे बघत होते. कोण आधी जाणार याची त्यांना काळजी.

ताईने यंदा वाण म्हणून आरसे आणले होते, सदर बाजारातून घाऊक, पर्समध्ये मावतील असे, गोल डबीतले. वाटायचं काम ताईची मैत्रीण विनया करत होती. विनयाचा हात वाटण्यात असा चालतो की समोर उभं राहिलेल्याला काहीतरी मिळतंच.

राघव आला तो दोन बॅगा सांभाळत. पोरगा दिल्लीत वाढलेला, मराठी कामापुरतं. ताईने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, मी आणखी एक ठेवला, विनयाने हलवा दिला. त्याला हात कमी पडायला लागले, म्हणून त्याने हातातलं सामान टेबलावर ठेवलं. पहिल्या भेटीतच प्रश्न नको म्हणून मी गप्प बसले. अवघड गेलं.

ऊन उतरलं, बायका एकेक करून निघाल्या. पश्चिम तांबूस झाली आणि तिच्या बरंच वर शुक्र उमटला. भाऊजींनी चादर ओढली, डावा डोळा लावला, फोकस फिरवला, आणि कागद घेऊन बसले. त्यांचा हात नकाशे काढणारा. आधी अर्धवर्तुळ, मग पेन्सिल आडवी धरून हलकेच पट्टे. चित्रात आडवं बेचकं उमटलं, त्याची दोन टोकं डावीकडे. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "धर. आता मी त्याला हातही लावणार नाही."

राघवने लॅपटॉप उघडला, कॅमेरा काढला आणि टेबलाकडे गेला. मग टेबलाखाली वाकला. मग दोन्ही बॅगा उलट्या केल्या.

"काकू, इथे एक छोटीशी गोल डबी ठेवली होती मी."

ताईने विनयाकडे बघितलं. विनया म्हणाली, "आरशाची ना? वाटली की!"

"आरसा नव्हता तो! फिल्टर होता! शाइनिंग असते त्याला, आरशासारखी, पण..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. तो फिल्टर कुठल्यातरी काळ्या साडीच्या पर्समध्ये बसून वाण म्हणून निघून गेला होता. भाऊजी मटकन खुर्चीत बसले. विनया रडकुंडीला आली. "मला काय माहीत गं! गोल डबी, आत चकचकीत काच! मी म्हटलं एक आरसा जरा बरा दिसतोय, तो चांगल्या माणसाला द्यावा."

"कुणाला दिलास?"

"सगळीच चांगली माणसं होती!"

मग फोनाफोनी. ताई एका फोनवर, विनया दुसऱ्या, मी तिसऱ्या. "अगं, वाण उघडून बघ. नाही नाही, परत नकोय. म्हणजे हवंय, पण तसं नाही." आपल्यात दिलेलं वाण परत मागणं म्हणजे केवढी नामुष्की! ताईच्या कपाळावर थंडीत घाम. कुणी रिक्षात, कुणी भाजीबाजारात, कुणी फोनच उचलेना. लांबचे पथदिवे पिवळट आणि बुजरे दिसायला लागले होते. धुकं जमिनीवरून वर चढत होतं. भाऊजी काहीच बोलत नव्हते, नुसते शुक्राकडे बघत होते, आणि मला ते मेट्रोतले भाऊजी आठवले.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. पटपडगंजच्या विजयालक्ष्मीबाई. आवाज रागावलेला. "अलकनंदाताई, वाणात दोष काढू नये, पण पद्मजाताईंना सांगा, दुकानदाराने फसवलंय त्यांना. मेट्रो स्टेशनवर आरसा उघडला, तर माझं तोंड जांभळं दिसतंय."

"विजयालक्ष्मीबाई," मी ओरडले, "तिथून हलू नका! गाडीत बसू नका! त्या आरशाला बोट लावू नका!"

दुसऱ्या फोनची वाट न बघता मी निघाले. काळी साडी, हातात दोन आरसे आणि हलव्याची पुडी, अशी बॅटरी रिक्षात बसले आणि त्या पोराला म्हटलं, "भैया, उडा दो." स्टेशनच्या गेटपाशी विजयालक्ष्मीबाई डबी छातीशी धरून उभ्या. आता त्या द्यायलाच तयार नाहीत. "दिलेलं वाण परत घेतात का कुठे? अपशकुन असतो." मी त्यांच्या ओटीत दोन्ही आरसे टाकले, हलवा टाकला, वर वाकून नमस्कार केला, आणि डबी जवळजवळ हिसकावून घेतली. त्या अजून मला नीट बोलत नाहीत.

चार मजले मी कसे चढले, मला विचारू नका.

शुक्र अजून स्वच्छ होता. राघवने काच उजेडात धरून बघितली. "ठीक आहे! थँक गॉड, मावशी!" त्याचा लॅपटॉप मात्र थंडीने की कशाने रुसला होता, पुन्हा सुरू होत होता. भाऊजींना धीर कुठला! त्यांनी डबी उचलली, जांभळी काच काढली आणि हा फिल्टर आपल्याच बघायच्या नळीत बसवला.

"काका, त्यातून काही नाही दिसणार," राघव लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "माणसाच्या डोळ्याला ते पूरा ब्लॅक असतं. फक्त कॅमेऱ्याला दिसतं."

"हो का?" भाऊजी डोळा लावून म्हणाले. "मला दिसतंय की."

राघवने मान उचलली.

"फिकट आहे," भाऊजी म्हणाले. "दुधात निळीचा थेंब टाकल्यासारखं. पण पट्टे बघ! अरे, पट्टे बघ! जांभळ्या काचेतून एवढे कधीच नव्हते दिसले! अलके! अलके, इकडे ये!"

मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होते. डोळा लावला. काळोख. कोळशाच्या पोत्यात डोकं घातल्यासारखं. विनयाने बघितलं, काळोख. राघवने बघितलं, खूप वेळ बघितलं, डोळा चोळून पुन्हा बघितलं. "काही नाही," तो म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता. "काका, तुम्ही पुन्हा बघा. मी समोर काही करणार नाही."

आणि लबाडाने हळूच दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा धरला.

"गेला," भाऊजी म्हणाले. "ढग आला का?"

राघवने पुठ्ठा काढला.

"आला!"

पुन्हा धरला. "गेला." पुन्हा काढला. "आला! अरे काय चाललंय वर?"

राघव पुठ्ठा घेऊन तसाच उभा. मग खाली बसला, उठला, आणि भाऊजींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "काका, हा कुठला डोळा तुमचा?"

"डावा. बिनभिंगाचा. रिटायर्ड."

"बिनभिंग..." राघव आता भाऊजींपेक्षा जोरात ओरडायला लागला. "लेन्स नाही! यार, लेन्सच नाही! काका, तुम्हाला तो माश्यांवाला दिवा, ब्लू वाला, दुकानातला, तो कसा दिसतो?"

"झगझगीत!" हे उत्तर ताईने दिलं. ती हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन जिन्याच्या दारात उभी होती. "डोळा झाकतात ते. मी म्हणायचे, नाटकं करतात."

राघवने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. उन्हात एक उजेड असा असतो जो आपल्याला दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट. शुक्राच्या ढगांचे पट्टे त्या उजेडातच उठून दिसतात. आणि तो उजेड आपल्याला का दिसत नाही, तर आपल्या डोळ्यातलं भिंग त्याला आत येऊ देत नाही. भाऊजींच्या डाव्या डोळ्यात अडवणारं कुणी नव्हतंच. विटीने दार उघडून ठेवलं होतं.

लॅपटॉप तेवढ्यात जागा झाला. कॅमेरा लावला, आणि पडद्यावर थरथरता करडा अर्धगोल आला. राघवने कायबाय बटणं दाबली, चित्र स्थिर झालं. मी हातातला कागद शेजारी धरला. आडवं बेचकं. दोन टोकं डावीकडे. खालचं टोक जरा जाड, चित्रातही आणि पडद्यावरही.

राघव म्हणाला, "काका, तुम्हाला दिसत होतं. तुम्हाला खरंच दिसत होतं."

भाऊजी उठले, कठड्यापाशी गेले आणि खाली बघून साऱ्या मयूर विहारला ऐकू जाईल असे ओरडले, "दिसत होतं! मला दिसत होतं!"

"क्या दिखा साहब?" चौकीदार खालून. "चोर?"

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी राखून ठेवलेला प्रश्न मी सोडला नाही. "राघव, त्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेत हसणाऱ्यांत तू होतास का रे?"

"होतो, मावशी," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

भाऊजींनी ताईच्या तबकातला तिळगूळ उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "घे. आता गोड बोल."

तेव्हा ताईने विचारलं, "म्हणजे उद्या भिंग बसवलं की हे सगळं जाणार?"

राघवचा चेहरा उतरला. "नवी भिंगं तो उजेड अडवतात, काकू. डोळ्याच्या भल्यासाठीच असतं ते."

"जाऊ दे गं," भाऊजी म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. "मला पाहिजे होतं ते मिळालं. एकाने म्हटलं. उद्या सकाळी वेळेवर निघू." त्यांनी दुर्बिणीवर चादर घातली, तिची टोकं नीट खोचली. धुकं कठड्यापर्यंत आलं होतं. ताई तबक घेऊन खाली गेली. राघव जाताना फिल्टरची डबी भाऊजींच्या हातात ठेवून गेला. "आज रात्रभर तरी ठेवा, काका."

सोमवारी सकाळी थर्मास आणि मफलर घेऊन, हॉस्पिटलला जायच्या तयारीने मी वर गेले. दार ताईने उघडलं. डोक्याला टॉवेल, हातात झाडू.

"जायचं नाहीये," ती म्हणाली. "डॉक्टरांना फोन केला मी. त्यांनी सांगितलं, घाई कसलीच नाही, वाटेल तेव्हा या."

"आणि जिना?"

"जिन्यावर मी आहे ना," असं म्हणून ती केर काढायला लागली.

आत भाऊजी पेपर उलटा धरून वाचत होते. त्यांना आदल्या रात्रीच कळलं असावं. दुपारी दोघं दूध आणायला निघाले, ते मी खिडकीतून बघितलं. ताई दोन पावलं पुढे नव्हती. तिने त्यांचा दंड असा घट्ट धरला होता की चोर पकडून नेतेय असं वाटावं, आणि रागावत मात्र नेहमीसारखीच होती.

मग दिल्लीने दोनचार दिवस धुकं, थंडी, जे काय असतं ते सगळं दाखवलं. राघवची डबी अजून भाऊजींकडेच होती. एका संध्याकाळी वारा सुटला. मी कुकर लावत होते, तेवढ्यात वरून हाक आली.

"अलके! वर ये! पळत ये!"

आवाज ताईचा होता. हातातलं भांडं ठेवून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली चौकीदार तोंड उघडं टाकून वर बघत होता. ताई कठड्यावरून वाकली होती, पदर वाऱ्यावर.

"काय झालं?"

"शुक्र! पट्टे! आज दोन बेचकी आहेत म्हणतात!"

"तुला दिसली?"

"मला कशी दिसतील? मला काळंकुट्ट दिसतंय! पण ह्यांना दिसतायत ना! लवकर ये, धुकं येईल!"

मी गॅस बंद केला आणि जिना चढायला लागले.